वाचल्या असं समजण्यात यावं!

महापालिकेचं काही हजार कोटींचं अंदाजपत्रक, आणि परवाच्या खास सभेतला त्याचा शेवट बघितलात का? रात्रीचे साडेअकरा. निम्मी बाकं रिकामी. महापौरांचं लक्ष घड्याळाकडे. तेवढ्यात एक सन्माननीय सदस्य उठतात आणि नगरसचिवांच्या टेबलावर उपसूचनांचा, म्हणजे मूळ प्रस्तावात बदल सुचवणाऱ्या सूचनांचा, गठ्ठा ठेवतात. रबर लावलेला. "उपसूचना वाचल्या असं समजण्यात यावं." मागून कुणीतरी "अनुमोदन!" पीठावरून "उपसूचनांसह मंजूर?" आणि सभागृहातून "मंजूर, मंजूर, मंजूर!" झालं. राष्ट्रगीत.

वाचल्या असं समजण्यात यावं! अहो, कुणी वाचल्या? सूचकाने तरी? त्याच्या हातात गठ्ठा कुणी दिला हे त्याला विचारा, सांगता येणार नाही. आणि दुपारभर याच सभागृहात प्रत्येकाने वीस-वीस मिनिटं भाषण ठोकलंय. त्यात चारोळ्या. अंदाजपत्रकाच्या भाषणात चारोळ्या म्हणणाऱ्याचा माईक आपोआप बंद होईल अशी सोय कुणी करेल तर त्या कामाला मी स्वतः अनुमोदन देईन, टेंडरशिवाय. चारोळ्यांना वेळ आहे, उपसूचना वाचायला नाही.

उपसूचना म्हणजे काय गंमत आहे का? लेखी हवी, सूचक-अनुमोदकाच्या सह्या हव्यात, मूळ प्रस्तावाशी सुसंगत हवी. विसंगत असेल तर महापौरांनी तिथल्या तिथे फेटाळायची. आधी उपसूचनेवर मत, मग दुरुस्त झालेल्या प्रस्तावावर मत. पण वाचलीच नाही तर ती विसंगत आहे हे कळणार कुणाला? तीच तर खुबी आहे. ड्रेनेजच्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यातून) पैसे काढून प्रवेशद्वाराच्या कमानीला टाकायचे असतील, तर ती ओळ मोठ्याने वाचून कसं चालेल? समोर बसलेल्या कार्यकारी अभियंत्याला जागच्या जागी घाम फुटेल.

आणि त्या गठ्ठ्याला पान क्रमांक नाहीत. किती उपसूचना आल्या याची नोंद पीठावरून झाली नाही. शिक्का नाही, वेळ नाही. आता सभेचं इतिवृत्त लिहून होईपर्यंत तो गठ्ठा तेवढाच राहील का जाड होईल, हे रबर किती ताणतं त्यावर. मी आरोप करत नाहीये बरं का. पानांना नंबर टाका एवढंच म्हणतोय. दोन रुपयांच्या पेनाने होणारं काम आहे. पण नाही. आपल्याकडे आधी ठराव मंजूर होतो आणि त्यात काय लिहिलंय ते मागाहून ठरतं. इतिवृत्त कायम व्हायचं पुढच्या सभेत, आणि वर्क ऑर्डर त्याच्याही आधी.

विरोधकांचं तर नावच नको. "आमचा तीव्र विरोध नोंदवा!" हे म्हणजे मतदान नव्हे हो. पोल मागा! पोल मागितला की नावं घेऊन मतं मोजावी लागतात आणि कोण कुठे उभा होता ते इतिवृत्तात नावानिशी येतं. मागितला कुणी? नाही. का नाही? कारण गठ्ठ्याच्या मधल्या पानांत त्यांच्याही प्रभागातली बाकडी आहेत. विरोध तीव्र, बाकडी मंजूर.

बरं, "मंजूर" म्हणून ओरडणाऱ्यांत स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सदस्यही सगळ्यात पुढे. त्यांना मताचा अधिकारच नाही, संविधानाच्या २४३-आर कलमात स्पष्ट आहे. बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. पण आवाजी मतदानात कुणाचा आवाज निवडून आलेला आणि कुणाचा नेमलेला हे कानाला कसं कळावं? आणि गणसंख्या? एक तृतीयांश सदस्य हजर लागतात. साडेअकराला कुणी डोकी मोजली? मोजा म्हणणारा एकही नव्हता, कारण कमी भरली तर सभा तहकूब आणि उद्या परत यायचं.

तहकूब म्हटल्यावर आठवलं. श्रद्धांजली! कुणाच्याही निधनाचं दुःखच आहे, दोन मिनिटं उभं राहा ना. पण अख्खी सभा तहकूब? नेमकी त्याच दिवशी जेव्हा विषयपत्रिकेवर पाण्याची लक्षवेधी सूचना असते? सात दिवस आधी नोटीस काढून बोलावलेली सभा, खातेप्रमुख फायली घेऊन हजर, आणि अकरा मिनिटांत सगळे चहाला. ते विषयपत्रिकेत नसलेले "ऐनवेळचे विषय" मात्र तहकुबी असो नसो, बरोबर वाट काढतात.

अंदाजपत्रकाला वेळापत्रक तरी आहे की नाही? आहे! आमचा १९४९ चा महानगरपालिका अधिनियम सगळं सांगतो. (मुंबईचा १८८८ चा, वेगळा. तिकडच्यांनी आपलं गाऱ्हाणं स्वतंत्र मांडावं, इथे जागा नाही.) आयुक्तांनी जानेवारीच्या मध्यापर्यंत स्थायी समितीला अंदाज द्यायचे, सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत कराचे दर ठरवायचे, ३१ मार्चच्या आत अंदाजपत्रक मंजूर. ती २० तारीख सगळ्यांना पाठ असते, कारण त्या दिवशी "करवाढ फेटाळली" असा फोटो येतो. करवाढ फेटाळली आणि त्याच आठवड्यात स्थायीने जमा बाजू, म्हणजे अपेक्षित उत्पन्न, काही शे कोटींनी वाढवली. कशातून? मिळकतकराची थकबाकी वसूल होणार, बांधकाम परवानगीचं शुल्क दुप्पट येणार, शासनाचं अनुदान धो धो येणार. ज्या थकबाकीत निम्मी रक्कम कोर्टकज्ज्यातली आणि मोबाइल टॉवरवाल्यांची, ती यंदा अचानक तिजोरीत पडणार! सोळा जणांच्या समितीने हात वर केले की पैसे येतात असं अर्थशास्त्र आहे हे.

मग होतं काय, आधीच्या वर्षांचं देणं, म्हणजे दायित्व, तसंच बोकांडी, आणि नवीन कामांना टोकन तरतूद. पाच कोटींच्या पुलाला पाच लाख. त्यावर फ्लेक्स मात्र पाच कोटींचा. दिवाळीनंतर कळतं की जमा आलीच नाही, आणि मग सुरू होतो तो लाडका खेळ, वर्गीकरण. या लेखाशीर्षातून काढा, त्यात टाका. पावसाळी गटारांचे पैसे फेब्रुवारीत ओपन जिमला जातात आणि जूनमध्ये आपण ओपन जिममध्ये गुडघाभर पाण्यात उभे. प्रत्येक वर्गीकरण रीतसर ठराव असतो हं. क्रमांकासह. चर्चेविना मंजूर.

आता मला सांगा, हे सगळं रात्री साडेअकराला ऑनलाइन बघत कोण बसतं? विषयपत्रिकेची पीडीएफ उतरवून, पेन्सिल घेऊन? घरातल्यांनी केव्हाच आशा सोडलीय. त्यातून २०२२ पासून सभागृहाऐवजी प्रशासक होते तेव्हा गळा काढणाऱ्यांतही आपण पुढे! एकच अधिकारी प्रस्ताव ठेवणार, स्थायी समिती म्हणून तोच मान्य करणार, सर्वसाधारण सभा म्हणून तोच ठराव करणार, ही काय लोकशाही झाली का, निवडणुका घ्या, सभागृह भरवा. भरलं. घ्या. तेव्हा निदान आवाज नव्हता, शांतपणे लुबाडल्यासारखं वाटायचं. आता चारोळ्यांसकट.

कुणीतरी म्हणेलच, अधिनियमाच्या कलम ४५१ खाली ठराव शासनाकडे विखंडनासाठी, म्हणजे रद्द करायला, पाठवा. पाठवा की! आधी निलंबित, मग खुलासा, मग मंत्रालयात फाइल, मग फाइल कुठेय ते विचारायला दुसरी फाइल. तोवर कमान उभी राहते, तिचा रंग उडतो, आणि रंगासाठी नवीन तरतूद येते. मंजूर ठराव महापालिकेला स्वतःलाही तीन महिन्यांच्या आत सहजासहजी फिरवता येत नाही, हे गठ्ठा ठेवणाऱ्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पक्कं माहीत असतं.

ज्यांच्या अंगात अजून मस्ती शिल्लक आहे त्यांनी नगरसचिव कार्यालयात अर्ज टाका. तीन गोष्टी मागा: मूळ प्रस्ताव, सगळ्या उपसूचना सूचक-अनुमोदकाच्या नावासह, आणि ठरावाची प्रमाणित प्रत. नुसती "ठरावाची प्रत" मागू नका, उपसूचना वगळून एकच पान हातात ठेवतील. आणि इतिवृत्त कायम व्हायच्या आधी एकदा, नंतर एकदा, असं दोनदा मागा. दोन्हींची पानं मोजा. नकलेचे पैसे भरल्याची पावती जपून ठेवा, आणि जेवून जा. साहेब सभेला गेलेले असतात.