मणक्यातला गॅप आणि मावशीच्या फुलवाती

रविवारी सकाळी वाईहून मावशीचा फोन. "मंगळवारी त्या माणसाकडे जाते गं. एका झटक्यात गॅप बसवतो म्हणे. पाचशे रुपये फक्त." कोण माणूस, कसला गॅप, असं विचारलं तर म्हणाली, "बंडूनं ग्रुपवर टाकलंय, बघ की." टाकलंच होतं. तोच मेसेज त्याआधी माझ्या दोन पेशंटांनीही मला पाठवला होता. त्यातल्या एकानं "मॅडम, हे खरं का?" असं विचारण्याचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते, थेट "यावर विचार करावा" असा आदेश होता. सतरा वर्षं फिजिओथेरपी करतेय, पण ठीक आहे, केला विचार.

मेसेज थोडक्यात असा. मानदुखी म्हणजे मणक्यात पडलेला गॅप. एमआरआय काढू नका, काढला की डॉक्टर ऑपरेशन सांगतात आणि मानेचं ऑपरेशन म्हणजे लकवा. जाणकाराकडून एक झटका घ्या, कट्ट वाजलं की गॅप बसला. मग पट्टा कायमचा लावा, उशी कायमची सोडा. हाताला मुंग्या येतात त्या रक्त गोठल्यामुळे, त्यावर लसणाचं तेल. आणि मूळ कारण मोबाईल, कारण मान वाकवली की तिच्यावर २७ किलो वजन येतं. खाली जोडलेले हात आणि अकरा जणांना पाठवण्याची विनंती.

आधी हा गॅप. महाराष्ट्रात पाठ-मान दुखणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला गॅप आहे आणि तो त्याला कुणी सांगितला हे त्याला आठवत नाही. मानेत सात मणके. दुसऱ्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी, म्हणजे डिस्क. वय वाढतं तसं गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते, मणके एकमेकांच्या जवळ येतात, कडांना हाड वाढतं. म्हणजे फटीची उंची कमी होते! लोक जिला गॅप पडला म्हणतात ती जागा खरं तर आवळलेली असते. मग बसवायचं काय? त्या आवळलेल्या जागेतून हाताकडे जाणारी नस चिमटली की खांद्यापासून बोटापर्यंत वीज गेल्यासारखी कळ येते. सहावी नस असेल तर अंगठ्याकडे, सातवी असेल तर मधल्या बोटाकडे. असा पेशंट दारातून आत येतानाच ओळखू येतो. दुखरा हात डोक्यावर ठेवून येतो, कारण तसं केलं की नसेवरचा ताण सुटतो. लोकांना वाटतं, कपाळाला हात लावून बसलाय बिचारा.

एमआरआयबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे आणि ते मला नाइलाजानं मान्य करावं लागतंय. जपानमधल्या डॉक्टरांनी काहीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांच्या मानेचे एमआरआय काढले. विशीपासून सत्तरीपर्यंतचे सगळे. २०१५ साली 'स्पाइन' या नियतकालिकात निष्कर्ष आले: ८७.६ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. विशीतल्या पोरापोरींतही साधारण चारांतल्या तिघांची. यांची मान दुखत नव्हती, हे पुन्हा वाचा. तेव्हा नुसती मान आखडली म्हणून एमआरआय काढून, रिपोर्टमध्ये "डिस्क बल्ज" वाचून रात्रभर जागणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि असा रिपोर्ट दाखवून घाबरवणारे आमच्या क्षेत्रात नाहीत असं मी म्हणणार नाही. पण याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: ५.३ टक्के लोकांच्या मज्जारज्जूवरच, म्हणजे मेंदूचे निरोप हातापायांकडे नेणाऱ्या मणक्यांमधल्या जाड दोरीवरच, दाब दिसला, तोही कसलीच तक्रार नसताना. म्हणजे रस्त्यावरून चालणाऱ्या वीस जणांत एखादा असा असू शकतो, ज्याला आपली मान निरोगी वाटते. आता त्या एखाद्याला झटकेवाल्याच्या स्टुलावर बसवा.

मावशीच्या फोनवर मी चिडले ती इथे. मान दुखते का, असं विचारलं तर म्हणाली, फारशी नाही. मग कशासाठी चालली आहेस? तर हात "बधिर बधिर" वाटतात. मावशी गेली तीस वर्षं फुलवाती करते. कापसाचा पुंजका घ्यायचा, बोटाला दुधाचा थेंब लावून टोक पिळायचं, वात उभी राहिली पाहिजे. देवळात, शेजारी, आम्हा सगळ्यांना डबेच्या डबे. यंदा डबा आला नाही. का, असं कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. आता म्हणाली, "टोकच पिळलं जात नाही गं. ब्लाउजचे हूक सून लावते. आणि चप्पल पायातून कधी निसटली कळतच नाही, मागं वळून बघते तर चप्पल तिथं आणि मी इथं." स्वतःच हसली.

मला हसू आलं नाही. बोटांचं बारीक काम जाणं आणि चप्पल नकळत निसटणं, ही जोडी एकत्र आली की आम्ही आधी मज्जारज्जूचा विचार करतो. रज्जू असतो करंगळीएवढा जाड, आणि तो जातो त्या नळीची पुढून मागे रुंदी निरोगी माणसात सतरा मिलिमीटरच्या आसपास. तेराच्या खाली गेली की अडचण सुरू. हा दाब बरेचदा दुखत नाही, हीच त्याची लबाडी. व्हिडिओ कॉल लावून तिला दहा सेकंदांत जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण वळायला आणि पूर्ण उघडायला सांगितली. धडधाकट माणूस वीसपर्यंत जातो. मावशी बारावर अडकली आणि म्हणाली, "पुन्हा करू का? मघाशी नीट झालं नाही." मग स्वयंपाकघरातल्या फरशीच्या रेषेवर टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ओटा धरला.

या मानेला तो माणूस झटका देणार होता. आधीच आवळलेल्या नळीत रज्जूला हलायला जागा नसते. त्यात मान एकदम फिरवली तर हात-पाय कायमचे जाऊ शकतात. दुसरी गोष्ट, मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर जातात आणि पहिल्या मणक्यापाशी वळण घेतात. जोरात पिळलं तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघाताचा झटका येतो. असं क्वचित होतं, रोज होत नाही, हे मान्य. सलूनमध्ये चंपीनंतर मान कडाडून मोडून घेणारे हजारो लोक घरी सुखरूप जातात. पण क्वचित ज्याला होतं त्याला चक्कर, एकाची दोन दिसणं, जीभ जड होणं, आणि पाचशे रुपये घेणारा त्या वेळी फोन उचलत नाही.

कट्ट आवाज? सांध्यातल्या द्रवात विरलेल्या वायूची करामत. बोटं मोडताना येतो तोच. आवाज आल्यावर घटकाभर मोकळं वाटतं, हे खरं आहे. मग लोकांना गुण येतो तो कसला? साधी आखडलेली मान आठवड्या-दोन आठवड्यांत आपली आपण सुटते. चिमटलेल्या नसेची कळसुद्धा बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. तोवर वेदनाशामक गोळ्या, हलकी हालचाल आणि व्यायाम पुरतो. झटकेवाला त्या दिवसांमध्ये कुठेतरी गाठ पडतो आणि श्रेय घेऊन जातो.

आता लकवा. मानेच्या ऑपरेशनला धोका शून्य असं कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. पुढून केलं तर काही दिवस आवाज बसतो, गिळताना त्रास होतो, आणि क्वचित गंभीर गोष्टीही घडतात. पण "ऑपरेशन झालं आणि पाय गेले" या गोष्टींत पेशंट बरेचदा भिंत धरून चालत दवाखान्यात आलेला असतो. रज्जूवरचा दाब काढला की बिघाड थांबावा, एवढी पहिली अपेक्षा. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, म्हणून उशीर महागात पडतो. नुसत्या मानदुखीला मात्र बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही.

पट्ट्याबद्दल पुन्हा थोडं नमतं घेते. नेदरलँड्समध्ये नव्यानं हाताला कळ सुरू झालेल्या लोकांना तीन ते सहा आठवडे कॉलर लावून पाहिली, तर नुसतं थांबलेल्यांपेक्षा कळ लवकर कमी झाली. व्यायाम करणाऱ्यांचीही तेवढीच झाली. तीन ते सहा आठवडे! "कायमचा" नव्हे. माझ्याकडे एक काका चार वर्षं पट्टा लावून आले, काढला तर मान तोलून धरता येईना, स्नायूच राहिले नव्हते. उशी सोडायची गरज नाही. कुशीवर झोपणाऱ्यानं उशी काढली तर डोकं खांद्याकडे लोंबतं, एवढं घरी करून बघा.

लसणाचं तेल फोडणीत घाला. मुंग्यांचा गोठलेल्या रक्ताशी काही संबंध नाही. मानेत चिमटलेली नस, मधुमेह, बी-ट्वेल्व्हची कमतरता, मनगटात दबलेली नस, यांतलं काय ते तपासून कळतं. आणि ते २७ किलो अमेरिकेतल्या एका सर्जननं २०१४ साली संगणकावरच्या मॉडेलमधून काढले, माणसांची मानदुखी मोजून नव्हे. तासन्‌तास एकाच कोनात मान घालून बसणं वाईट, हे सांगायला किलो कशाला लागतात?

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: बोटांचं बारीक काम जमेना, चालताना झोक जातो, लघवी थांबवता येईना किंवा होईना, हातापायातली ताकद कमी होतेय, यांपैकी काहीही असेल तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका, लगेच डॉक्टरांकडे जा. बंडूनं अंगठा दाखवला. मूळ मेसेज अजून काढलेला नाही.

मंगळवारचं जाणं रद्द झालं. गुरुवारी साताऱ्याला एमआरआय आहे, मी जाणार आहे. मावशीनं विचारलं, तोवर वाती करू का? म्हटलं कर, आणि रोज किती होतात ते कॅलेंडरवर लिही. काल फोटो आला. तारखेच्या चौकटीत पेन्सिलनं १९, आणि खाली बारीक अक्षरात: त्यातल्या चार वाकड्या.