गणवेश महाग होतो तो कापडापेक्षा नियमावलीमुळे

शाळेकडून गणवेशाचा कागद हातात आला की पालक आधी दुकान गाठतात. त्याआधी तो कागद पेन्सिल घेऊन वाचा. त्यात दोन जातींची वाक्यं असतात. एक जात अशी: ‘फिकट निळा हाफ शर्ट, गडद निळी फुल पँट’. दुसरी अशी: ‘शाळेच्या चौकड्याच्या कापडाचा शर्ट, कॉलरला मरून रंगाची पट्टी, खिशावर बोधचिन्ह विणलेलं, ठरवून दिलेल्या विक्रेत्याकडूनच’. पहिल्या वाक्यातली वस्तू कुठल्याही कपड्यांच्या दुकानात मिळते, तिला दहा विक्रेत्यांची स्पर्धा असते. दुसऱ्या वाक्यातली वस्तू जगात एकाच ठिकाणी मिळते. खर्चाचा फरक इथेच पडतो. कापडाच्या दर्जाचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

विक्रेत्याची बाजूही मांडायला हवी, कारण सगळी वाढीव किंमत म्हणजे लूट असं नाही. चौकडा खास शाळेसाठी विणायचा तर सूत आधी रंगवावं लागतं आणि गिरणी थोडंथोडकं कापड विणून देत नाही, ठरावीक ठाणं उचलावीच लागतात. शिवाय प्रत्येक मापाचे नग तयार ठेवायचे. मधली मापं संपतात, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी पडून राहतात. शाळेने डिझाइन बदललं की उरलेला माल कुणालाच विकता येत नाही. हा सगळा धोका विक्रेता आधीच किमतीत धरतो. साध्या रंगाच्या शर्टात हा धोका नसतो, तो कुणालाही विकता येतो. म्हणजे चौकडा, पायपिंग आणि दुरंगी कॉलर ही हौस शाळेची, पण तिचा भुर्दंड पालकांना.

बोधचिन्हाचा प्रश्न तर सहज सुटण्यासारखा आहे. थेट शर्टावर भरतकाम केलं की शर्ट आखूड झाला त्या दिवशी ते चिन्हही वाया. तेच वेगळ्या तुकड्यावर भरून शिवलं तर उसवून पुढच्या शर्टावर लावता येतं. फक्त इस्त्रीने चिकटवायचा बिल्ला असेल तर कडेने शिवूनच घ्या. त्यामागचा गोंद धुण्यागणिक सुटत जातो आणि आधी कोपरे उचलले जातात. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, त्यामुळे त्यावर बिल्ला शिवताना मागे पातळ अस्तराचा तुकडा हवा, नाहीतर भोवती चुण्या पडतात.

आता गणवेशांची संख्या. रोजचा, खेळाचा, हाउसच्या रंगाचा, शनिवारचा पांढरा असे चार प्रकार झाले की मूल प्रत्येक प्रकारातला जेमतेम एखाद-दोन दिवस घालतं. कपडा विरत नाही, मूलच त्यातून वाढून बाहेर पडतं. उलट पाच दिवस एकच प्रकार असेल तर तीन शर्ट आणि दोन पँटींत वर्ष निघतं. वेळापत्रकातली एक बारीक गोष्ट शाळांच्या लक्षातच येत नाही. खेळाचा तास सोमवारी आणि गुरुवारी असेल तर मधे धुऊन वाळवायला वेळ मिळतो, एक जोड पुरतो. तोच मंगळवारी आणि बुधवारी लागोपाठ ठेवला की प्रत्येक घरात दुसरा जोड घ्यावा लागतो. कागदावर एक तास हलवला की शेकडो घरांचा खर्च वाचतो, आणि त्यासाठी शाळेला एक पैसाही लागत नाही. हाउसच्या रंगासाठी आख्खा टी-शर्ट कशाला, हेही कुणीतरी विचारायला हवं. छातीवरची रंगीत पट्टी किंवा बिल्ला तेच काम करतो, आणि पुढच्या वर्षी हाउस बदललं तरी बिघडत नाही. आठवड्यातून एकदाच लागणारे पांढरे कॅनव्हासचे बूट हा या सगळ्यातला सर्वांत वायफळ खर्च. ते झिजायच्या आधी पायाला लहान होतात.

खरेदीला निघताना वयावरून माप सांगू नका. ‘आठ वर्षांचा’ हे माप नाही. त्या वयाच्या दोन मुलांच्या उंचीत सहज 10 सेंटीमीटरचा फरक असतो. टेपने छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर), आसन (कंबरेपासून जांघेपर्यंतचं माप) आणि आतून पायाची लांबी घ्या. शर्टाचा घेर छातीच्या मापापेक्षा साधारण 10 सेंटीमीटर जास्त असला की मूल हात वर करून फळ्यापर्यंत पोचू शकतं. ‘वाढत्या अंगाचं’ घ्या, पण कुठे वाढतं घ्यायचं हे ठरवून. लांबीत आणि कंबरेत मोठं चालतं, खांद्यात नाही. खांद्याची शिवण दंडावर उतरली की मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागाही खाली येते, बाही खेचली जाते, आणि काखेत शिवण उसवायला लागते. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुलं वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटर वाढतात, वयात येताना हा वेग बराच जास्त होतो. त्यामुळे लहान वर्गांत वर्षाचा अंदाज बांधता येतो. मोठ्या वर्गांत एका वेळी कमी नग घेणं शहाणपणाचं.

पँट किंवा स्कर्ट घेताना बाहेरून बघण्याआधी उलटा करा. आत माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, किती ठेवली आहे ते बघा. खालची दुमड किमान 5 सेंटीमीटर हवी. उंचीतली साधारण निम्मी वाढ पायांत होते, म्हणजे एवढी दुमड दीड वर्षाच्या आसपास पुरते. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना 2 ते 2.5 सेंटीमीटर कापड असेल तर कंबर सोडता येते. ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेली शिलाई) मारून कापड शिवणीलगतच छाटलेलं असेल तर ती पँट कितीही स्वस्त असो, एका हंगामापुरतीच समजा. दोन पँटींच्या किमतीची तुलना मायेसकट करा. शिंप्याकडून शिवून घेणार असाल तर माया किती ठेवायची ते माप देतानाच सांगा, आणि खालची दुमड मशीनऐवजी हाताने तुरपून घ्या. उसवली की सुयांची भोकं राहत नाहीत. गडद टेरीकॉटवर जुन्या दुमडीची फिकट रेघ मात्र राहते. ती पूर्णपणे जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रेघेवरून त्याच रंगाच्या दोऱ्याची एक शिलाई मारली की नजरेत भरत नाही. प्लीट्सच्या स्कर्टला कंबरेच्या घेराच्या जवळपास तिप्पट कापड लागतं, शिवाय कंबर सोडायची तर सगळ्या घड्या पुन्हा बसवाव्या लागतात. कंबरेत काजांचं इलॅस्टिक असलेली पँट किंवा स्कर्ट मिळाला तर तोच घ्या. आतल्या बटणावर एक-एक काज पुढे सरकवलं की झालं.

कापडाबद्दल. शर्टासाठी 65 टक्के पॉलिस्टर आणि 35 टक्के कॉटन हे मिश्रण जास्त चालतं, आणि त्याला कारण आहे: कमी आटतं, लवकर वाळतं, इस्त्री कमी लागते. पूर्ण कॉटन अंगाला सुखाचं, पण आधी आटवून घेतलेलं नसेल तर पहिल्या धुण्यांत 3 ते 5 टक्के आटतं. 60 सेंटीमीटरचा शर्ट 2 ते 3 सेंटीमीटरने आखूड झाला की तो पँटमधून बाहेर निघतो आणि शिक्षक मुलाला टोकतात. म्हणून कॉटनचं काहीही आधी एकदा धुवा, मग लांबी ठरवा. शंभर टक्के पॉलिस्टर टिकतं खूप, पण घाम शोषत नाही आणि वास धरून ठेवतं. रोज सहा-सात तास अंगावर राहणाऱ्या शर्टाला ते नको. लेबल नसेल आणि विक्रेता ‘प्युअर कॉटन’ म्हणत असेल तर धागा जाळून खात्री करा. शिवणीतला एखादा सुटा दोरा त्याला चालत नाही, तो शिलाईचा असतो. कापडाच्या काठातून एक धागा ओढून मोठ्या माणसाने तो जाळून बघावा. कॉटनची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, आणि मिश्रणात राखेबरोबर कडक कणही हाताला लागतात.

रंग नेहमी उन्हात जुळवा. दुकानाच्या दिव्याखाली सारखे दिसणारे दोन गडद निळे बाहेर आल्यावर एक जांभळट आणि एक हिरवट निघू शकतो, कारण दोन्हींची रंगद्रव्यं वेगळी असतात. ब्लेझर आणि पँट एकाच रंगाचे हवे असतील तर एकाच लॉटमधले, एकाच वेळी घ्या.

बुटात वाढतं माप घेण्याची सवय मात्र सोडा. संध्याकाळी, मुलाला उभं करून, दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. सगळ्यात लांब बोटापुढे 1 ते 1.5 सेंटीमीटर जागा पुरे. त्याहून मोठ्या बुटात पाय पुढे सरकतो, टाचेला फोड येतात आणि बूट भलत्याच ठिकाणी दुमडून तिथेच फाटतो.

नवा गणवेश पहिल्यांदा घालण्याआधी अर्धा तास सुई-दोरा घेऊन बसा. तयार कपड्यांची बटणं बहुतेकदा एकेरी दोऱ्याने लावलेली असतात, ती पुन्हा टाचा. पँटच्या खिशाचे कोपरे आणि आसनाची शिवण या दोन जागा सगळ्यात आधी जातात, तिथे दुहेरी शिलाई घाला. लहान मुलांच्या पँटला गुडघ्याच्या आतून त्याच कापडाचा तुकडा लावला तर घसरगुंडी आणि मैदान दोन्ही सोसतं. नाव कापडावर थेट लिहू नका, नाडीच्या पट्टीवर लिहून ती टाचा, म्हणजे नंतर कपडा दुसऱ्या मुलाला देता येतो. पांढऱ्या मिश्र कापडाला क्लोरीनचं ब्लीच वारंवार लावू नका, त्याने पांढरेपणा येण्याऐवजी पिवळट झाक येऊ शकते आणि त्यातलं कॉटन कमजोर होतं. बॉलपेनची शाई धुण्याआधी खाली जुनं फडकं ठेवून स्पिरिटने टिपून काढा. डाग असताना इस्त्री फिरली तर तो पक्का बसतो.

वापरलेले गणवेश फिरवण्याची सोय शाळेनेच करावी, आणि ती सगळ्यांसाठी खुली असावी. ‘गरजूंसाठी’ अशी पाटी लावली की गरजू पालकच तिकडे फिरकत नाहीत. ब्लेझर, संचलनाचे कपडे, कार्यक्रमाचे पोशाख हे कमी वापरले जाणारे आणि महागडे प्रकार त्यात आधी ठेवावेत. रोजच्या शर्टात फार अर्थ नाही, ते वर्षात पुरते विरतात.

आणि डिझाइन बदलायचंच असेल तर निदान दोन वर्षं जुना आणि नवा गणवेश दोन्ही चालतील असं लेखी द्यावं. ज्याला जुना आखूड झाला तो नवा घेईल. पहिल्याच दिवशी सगळी रांग एकसारखी दिसावी यासाठी चांगले कपडे फेकायला लावणं मला तरी अजिबात पटत नाही.

पालकसभेत हे मांडायचं तर शाळा सुरू झाल्यावर मांडून उपयोग नाही. विक्रेत्याने तोवर कापड विणून, मापं कापून ठेवलेली असतात आणि शाळा ‘आता या वर्षी शक्य नाही’ म्हणते, जे खरंही असतं. वर्षाच्या मध्यावर, पुढची ऑर्डर जायच्या आधी, पत्र द्या. त्यात तीनच मागण्या पुरे: गणवेशाचं वर्णन फक्त रंग आणि प्रकारात लिहावं, बोधचिन्ह वेगळं विकत मिळावं, आणि खेळाचे तास लागोपाठच्या दिवशी नसावेत. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.