मराठी ही स्वाहिली की सुकुमा?

16 एप्रिल 2025 रोजी महाराष्ट्र शासनाने इयत्ता पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य करण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये त्यातील शब्दरचना बदलली आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली. त्या अडीच महिन्यांत टांझानियातल्या दार-एस-सलाम शहरातल्या आम्हां मराठी कुटुंबांत, रविवारी कोणाकडे जेवायला जमलो तरी, दुसरा विषय निघत नसे. एकदा दोन्ही बाजूंनी एकच उदाहरण पुढे आले. एक जण म्हणाले, “टांझानियाकडे पाहा, एका भाषेने देश एकत्र ठेवला, आपल्याकडे हिंदीला विरोध कशासाठी?” दुसरे म्हणाले, “टांझानियाकडेच पाहा, इथे प्रत्येकाला स्वाहिली बोलावीच लागते. मग महाराष्ट्रात मराठी का नको?” नऊ वर्षे या देशात नोकरी केल्यावर मला दोन्ही दाखले अपुरे वाटतात आणि त्याचे कारण नीट मांडावेसे वाटते.

हा देश महाराष्ट्राच्या तिप्पट मोठा आहे. क्षेत्रफळ सुमारे 9.45 लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या 2022च्या जनगणनेनुसार सुमारे 6.17 कोटी. उत्तरेला 5,895 मीटर उंचीचा किलिमांजारो, वायव्येला व्हिक्टोरिया सरोवर, पश्चिमेला टांगानिका सरोवर आणि पूर्वेला हिंदी महासागराचा किनारा. किनाऱ्यावरची माडाची व काजूची झाडे आणि अंगाला चिकटणारा दमटपणा रत्नागिरीच्या माणसाला ओळखीचा वाटेल. पाऊस मात्र वर्षातून दोनदा येतो: मार्च ते मे मोठा ‘मसिका’ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर लहान ‘वुली’. घड्याळही सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात वाजले की इथे एक वाजतो. आपल्याकडे घटिका सूर्योदयापासून मोजत, हे आठवले की त्यात काही विचित्र वाटत नाही. नव्याने येणाऱ्याने भेटीची वेळ मात्र दोनदा विचारून घ्यावी.

या भूमीवर सव्वाशेच्या आसपास जमाती राहतात आणि जवळपास प्रत्येकीची भाषा वेगळी आहे. सर्वांत मोठी जमात व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेकडील सुकुमांची. तरीही राष्ट्रभाषा सुकुमा झाली नाही. स्वाहिली ही किनाऱ्यावरच्या व्यापाराची, आफ्रिकेतल्या बांटू कुळातली भाषा असून तिच्यात अरबी शब्द भरपूर आहेत आणि व्यापारी तांड्यांबरोबर ती आत सरोवरांपर्यंत पोहोचली. कोणत्याही मोठ्या जमातीची ती मालकीची नव्हती, म्हणून तिचा कोणाला धाक वाटला नाही. 1954 साली स्थापन झालेल्या टानू पक्षाने स्वातंत्र्याची चळवळ याच भाषेत चालवली. पक्षाचे नेते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ज्युलियस न्येरेरे स्वतः झानाकी या लहानशा जमातीतले होते. 1961च्या स्वातंत्र्यानंतर संसद, कचेऱ्या आणि प्राथमिक शाळा स्वाहिलीत आल्या. वसतिगृहाच्या शाळांतून व राष्ट्रसेवेतून एका टोकाची मुले दुसऱ्या टोकाला जाऊन राहिली. 2021 मध्ये कायदा बदलून न्यायालयांची भाषाही स्वाहिली करण्यात आली. भाषेला आधी काम मिळाले, मान त्यामागून आला.

दार-एस-सलाममधल्या कारियाकोच्या बाजारात टोमॅटो वजनावर नव्हे, तर ‘फुंगु’ म्हणजे ढीग करून विकतात. आपल्याकडे मासळीचा वाटा लावतात, तसाच. पहिल्या महिन्यात मी बोटाने दाखवून इंग्रजीत भाव विचारला. विक्रेत्या बाईंनी चार टोमॅटोंचा ढीग तळहातावर उचलला, “एल्फु मोजा” म्हणजे एक हजार शिलिंग असे सावकाश म्हटले आणि मी तो आकडा नीट उच्चारेपर्यंत पिशवी हातात दिली नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि इंग्रजीत बोलून माझी सोय करावी, असेही त्यांच्या मनात आले नाही. त्या महिन्यात मी दुकानाला दुका, गाडीला गारी, विम्याला बिमा आणि लाखाला लाकी म्हणायला शिकलो. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणतात, ज्याचा अर्थ ‘आपले पाय धरतो’ असा सांगितला जातो; ते समजल्यावर तर ही भाषा परकी राहिलीच नाही.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्वान्झाकडचे माझे एक सहकारी सुकुमा आहेत. त्यांची आई गावाहून येते, तेव्हा आजी आणि नातवंडे यांच्यामध्ये त्यांना दुभाष्या व्हावे लागते. सुकुमा शाळेत शिकवली जात नाही, सरकारी कामकाजात तिला जागा नाही. “देश एकत्र राहिला याचा मला अभिमान आहे,” ते मला म्हणाले, “पण आईच्या गोष्टी माझ्यापाशीच संपतील.”

हिंदीसाठी टांझानियाचा दाखला देणाऱ्यांनी हे वाक्य ऐकावे, असे मला मनापासून वाटते. त्या मांडणीत मराठी सुकुमाच्या जागी जाऊन बसते. शिवाय हिंदी ही स्वाहिलीसारखी कोणाचीच नसलेली भाषा नाही. ती देशातल्या सर्वांत मोठ्या भाषकसमूहाची आहे. 2011च्या जनगणनेत 8 कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली, स्वतःचे राज्य आणि शतकांचे साहित्य असलेली मराठी स्वाहिलीच्या रांगेतली आहे. मात्र मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही, मराठी बोलला नाही म्हणून मीरा रोडला दुकानदाराला झालेली मारहाण आठवावी आणि रिक्षात बसताच आपण स्वतः हिंदीवर का जातो, हेही विचारावे.

स्वाहिलीची गाडी जिथे अडली, ती जागा तर आपल्या फारच जवळची आहे. प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत होते आणि माध्यमिक शाळेत एकदम इंग्रजी येते. 2015 मध्ये जाहीर झालेल्या धोरणात वरचे शिक्षणही स्वाहिलीत आणण्याचा विचार होता, तो प्रत्यक्षात आला नाही. शेजारची मुलगी ‘उसानिसिनुरु’ शिकून माध्यमिक शाळेत गेली आणि तिथे तीच प्रकाशसंश्लेषणाची क्रिया इंग्रजीत पुन्हा पहिल्यापासून पाठ करत बसली. शिक्षक स्वाहिलीत समजावतात, परीक्षा इंग्रजीत होते. ज्यांना परवडते ते पालक मुलांना आधीच इंग्रजी शाळेत घालतात.

आपल्याकडे हाच खड्डा दहावीनंतर येतो. मराठी शाळेतले मूल अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल ठेवते आणि बल, वेग, त्वरण हे शब्द मागे टाकून येते. तो खड्डा आधीच दिसतो म्हणून पालक बालवाडीतच माध्यम बदलतात आणि मराठी शाळांचे वर्ग रिकामे होतात. पहिलीत तिसरी भाषा लादू नये, हे मलाही मान्य आहे. पण अकरावी-बारावीचे विज्ञान मराठीतून शिकण्याची आणि परीक्षा देण्याची खरीखुरी सोय हवी, ही मागणी त्या अडीच महिन्यांत मला फारशी ऐकू आली नाही. शासनासमोर आता तीच आधी मांडायला हवी.