इंग्रज मार का खात नाही

इस्तंबूलला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या तेय्झेंनी जेवायला बोलावलं. तेय्झे म्हणजे मावशी, इथे कुठल्याही वयस्कर बाईला तेय्झे म्हणायचं, आपण भाजीवालीला म्हणतो तसंच. टेबलाशी बसलो, त्यांनी भरलेल्या वांग्यांची ताटली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "ये ओऽलुम, ये." ओऽलुम म्हणजे बाळा, एवढं मला येत होतं. म्हटलं आलोय की. तरी म्हातारं माणूस म्हणतंय तर खुर्ची थोडी पुढे ओढली. त्या परत, "ये, ये." मी अजून पुढे. असं करत करत पोट टेबलाच्या कडेला टेकलं तरी बाई "ये ये" म्हणतच होत्या, शेवटी त्यांनीच हाताने घासाची खूण केली तेव्हा टाळक्यात प्रकाश पडला. तुर्कीत 'ये' म्हणजे 'खा'. मूळ क्रियापद 'येमेक'. आणि 'येमेक' म्हणजेच जेवण पण. म्हणजे जेवण जेवणे हे तुर्कीत 'येमेक येमेक'. ऐकायला तोतरं वाटतं, पण आपलं 'जेवण जेवलो' तरी काय वेगळंय.

तर या येमेकने दोन वर्षांनी माझी जी काही शोभा केली ती सांगतो.

तेय्झेंचा नातू आठवीत आहे. इथे आठवीच्या शेवटी एलजीएस नावाची परीक्षा असते, चांगल्या हायस्कूलात जायचं तर ती द्यावी लागते, ९० प्रश्न, त्यातले १० इंग्रजीचे. घरात वातावरण आपल्याकडच्या दहावीसारखं, टीव्ही बंद, आवाज बंद, फक्त खाणं चालू. आणि तेय्झेंचा ठाम समज की इंडियातून आलेला माणूस म्हणजे इंग्रजी त्याच्या घरचं. मी बऱ्याच वेळा सांगितलं की बाई मी सांगलीचा, सातवीपर्यंत मला 'कॉलेज'चं स्पेलिंग येत नव्हतं, पण ते त्यांनी विनय म्हणून घेतलं. एका रविवारी बोलावणं आलं. पोराला शाळेत होमवर्क होता, 'ईट' हे क्रियापद वेगवेगळ्या अर्थांनी वापरून दहा वाक्यं लिहा. पोराने लिहून ठेवलेली होती, मी फक्त तपासायची होती. पाच मिनिटांचं काम.

वही उघडली. पहिलं वाक्य, 'आय ईट अॅन अॅपल.' बरोबर. दुसरं, 'येस्टरडे आय एट अ स्लॅप फ्रॉम माय ब्रदर.' बरोबर, काल भावाची थोबाडीत खाल्ली, होतं असं. तिसरं, 'अवर टीम एट थ्री गोल्स.' अरेरे. चौथं, 'माय अंकल एट अ फाइन फ्रॉम ट्रॅफिक पोलीस.' पाचवं, 'ही वेंट टू जेल बिकॉज ही एट ब्राइब.' इथे मी 'ब्राइब'च्या आधी 'अ' घातला. मग 'माय मदर इज ईटिंग द मीट ऑफ माय हेड', आई डोक्याचं मांस खाते म्हणजे डोकं खाते, इतकी छान वाक्यरचना की मी पोराची पाठ थोपटली. पुढे 'ही एट माय राइट', माझा हक्क खाल्ला. 'धिस मॅन एट हिज ग्रँडफादर्स फील्ड्स', आजोबाची शेतं विकून खाल्ली, आमच्याकडे प्रत्येक गावात असा एक असतो.

तुम्ही म्हणाल एवढी भयंकर वाक्यं वाचून तुला काहीच कसं खटकलं नाही? नाहीच खटकलं! कारण मी ती वाक्यं इंग्रजीत वाचतच नव्हतो. डोळे इंग्रजी बघत होते आणि आत मराठी वाजत होतं. तो तुर्कीत विचार करून लिहीत होता, मी मराठीत वाचत होतो, मधे इंग्रजी बिचारं नुसतं पोस्टमनसारखं. तुर्कीत मार खाणे म्हणजे 'दायाक येमेक', लाच खाणे 'रुश्वेत येमेक', गोल खाणे 'गोल येमेक', आणि बापजाद्यांचं उडवून खाणाऱ्याला तर एकच शब्द आहे, 'मिरासयेदी'. मिरास तीच आपली, मिरासदारातली. मिरास खाल्ली तो मिरासयेदी. एवढा नेमका शब्द आपल्याकडे नाही याचं मला वाईट वाटलं, आणि त्या आनंदात मी त्याची नऊच्या नऊ वाक्यं पास करून टाकली. फक्त दोन ठिकाणी 'द' घातला. इंग्रजी येतं हे दाखवायला 'द' घालण्यासारखा दुसरा उपाय नाही.

दहावं वाक्य त्याला सुचत नव्हतं. मी म्हटलं लिही, 'माय ग्रँडमदर गोज टू द पार्क टू ईट एअर.' पोरगं थांबलं. "अबी, हवा कशी खाणार?" अबी म्हणजे दादा. तुर्कीत हवा घेतात, खात नाहीत. मी मोठ्या भावाच्या अधिकाराने सांगितलं की इंग्रजीत खातात. त्याने लिहिलं. आजही ते आठवलं की कसंतरीच होतं, कारण सगळ्या प्रकरणात शंका घेणारा एकच माणूस होता आणि त्याला मी गप्प केला.

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात तेय्झे, मागे नातू, नातवाच्या हातात वही, वहीत लाल शाई इतकी की पान दिसत नव्हतं. सफरचंद तेवढं वाचलं होतं. शाळेत बाईंनी त्याला विचारलं होतं, "ने नाने येदिन?" म्हणजे शब्दशः, कुठला पुदिना खाल्लास? पुदिना खाणे म्हणजे तुर्कीत काहीतरी माती करून ठेवणे. हे सभ्य रूप आहे, चारचौघांत पुदिना, घरात त्या जागी वेगळाच पदार्थ असतो जो मी इथे लिहिणार नाही पण मराठी वाचकाला सांगायची गरज पण नाही, कारण आपण गाईचा खातो. काय शेण खाल्लंस, हेच ते. दोन भाषांमधे हजारो किलोमीटर अंतर, आणि चूक केली की दोघांच्या तोंडात एकच चव.

त्या रात्री मी डिक्शनरी घेऊन बसलो. माझा मुद्दा साधा होता, इंग्रज मार का खात नाही? आपण खातो, तुर्क खातात, मधे इराण बसलाय तिथेही खातात. फारसीत खाणे म्हणजे 'खुर्दन', आणि त्यांचा खुर्दन तर दोघांच्या वर आहे, ते मार खातात, शपथ खातात, सर्दी खातात, आणि पाय घसरून पडले की जमीन खातात. आपल्या लाचखोर, हरामखोर, चुगलखोर मधला 'खोर' हाच, खाणारा. दिसायला 'खा'चा भाऊ वाटतो पण घराणं वेगळं, आपलं खाणं संस्कृत 'खाद्'वरून आणि हा खोर सुलतानांच्या कचेऱ्यांमधून आपल्याकडे आलेला. खुराक पण त्याच घरातला. म्हणजे लाचखोराने लाच खाल्ली असं आपण म्हणतो तेव्हा एका वाक्यात तो माणूस दोनदा खातो, एकदा फारसीत, एकदा मराठीत. (बिलं बघितली तर हे खरं असावं.)

आणि इंग्रज? इंग्रज लाच 'घेतो', मार 'घेतो', थोबाडीत त्याला 'मिळते', दंड त्याला 'होतो', आणि गोल झाले तर ते तो 'मान्य' करतो, कन्सीड, जणू समोरच्या टीमने अर्ज केला होता. खायच्या वेळी मात्र काय खातो तर स्वतःचे शब्द खातो, आणि 'असं झालं तर माझी हॅट खाईन' म्हणतो. माफी मागायची वेळ आली की हंबल पाय खातो, ती तर मुळात हरणाच्या आतड्याकाळजाची पाय, त्या आतल्या मालाला 'अंबल्स' म्हणायचे, अंबलचं हंबल झालं आणि गरिबाचं खाणं नम्रतेचं खाणं झालं. म्हणजे बघा, पचतील अशा गोष्टी सोडून देतो आणि हॅट खातो.

पण डिक्शनरीत खाली खाली गेलो तर वेगळंच निघालं. 'ईट' हा शब्द परका नाहीच आपल्याला. जुन्या इंग्रजीत 'एतान', जर्मनमधे 'एसेन', लॅटिनमधे 'एदेरे', आणि संस्कृतमधे 'अद्'. अत्ति म्हणजे खातो. त्याच 'अद्'चं 'अन्न'. म्हणजे अन्न आणि ईट हे चुलत भाऊ, आणि येमेक आमच्या नात्यातलाच नाही, तुर्की भाषेचं कुळच निराळं. आता गंमत बघा, जो सख्खा नात्यातला तो मार खायला तयार नाही, आणि जो रक्ताचा कोणी नाही तो आपल्या बरोबर मार, लाच, गोल, शिव्या सगळं एका ताटात खातोय. आमच्या भाऊबंदकीत पण असंच आहे, शेजारी कामाला येतो.

अजून एक. इंग्रजीत 'फ्रेट' म्हणजे काळजी करणे, जीव खालीवर करणे. तो शब्द मुळात 'पूर्ण खाऊन टाकणे' असा होता, जर्मनमधे 'फ्रेसेन' अजून जनावराच्या खाण्याला वापरतात. म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजाचं पण मन खात होतं! तुर्काचं पण खातं, 'इची इचिनी यियोर', त्याचं आतलं त्याच्या आतल्याला खातंय. हे वाचून मला इंग्रजाबद्दल जरा बरं वाटलं. ओबीस, म्हणजे लठ्ठ, हा शब्द पण त्या एदेरेवरूनच, पण त्या ओळीवर मी जास्त थांबलो नाही, मांडीवर तेय्झेंच्या बाक्लाव्याची ताटली होती.

आता तुम्हाला वाटेल तुर्की आणि मराठी इतकं जुळतं तर सरळ शब्दाला शब्द ठेवून बोलावं. ते पण करून झालंय. ऑफिसात एकदा कॉफी घेताना सहज म्हणालो की मॅनेजरने आज डोकं खाल्लं, 'काफायि येदि'. टेबलावर एकदम शांतता. कारण डोक्याचं मांस खाल्लं तर ते आपलं डोकं खाणं, पण नुसतं डोकं खाल्लं म्हणजे त्याला वेड लागलं. मी अख्ख्या टीमला गंभीर चेहऱ्याने सांगत होतो की आपले साहेब वेडे झालेत. दोघा तिघांनी हळूच मान हलवून दुजोरा दिला तो भाग वेगळा.

आणि 'येनमेक' तर विचारूच नका. त्याचा एक अर्थ हरवणे, आणि दुसरा अर्थ खाल्लं जाणे. फुटबॉलच्या दिवशी खालून तेय्झेंचे मिस्टर ओरडतात 'येनिलदिक!' तेव्हा आपण हरलो हे कळतं, पण माझ्या डोक्यात आधी गोल खाल्ले आणि मग आपणच खाल्ले गेलो असं चित्र येतं, पूर्ण अन्नसाखळी.

तर बुधवारी मी खाली गेलो, माफी मागायला. ब्लेझर घालून गेलो, कारण प्रकरण गंभीर होतं. तेय्झे दारातच हसल्या आणि म्हणाल्या, "ये क्युर्क्युम ये." ही नसरुद्दीन होजाची गोष्ट, साध्या कपड्यांत मेजवानीला गेला तर कोणी विचारेना, घरी जाऊन भारी फरचा कोट घालून आला तर मानाच्या जागी बसवला, तेव्हा त्याने कोटाची बाही सूपमधे बुडवली आणि म्हणाला, खा माझ्या कोटा खा, मान तुझा आहे. माझ्या मराठी कानाला ते अजूनही कोटाला आत बोलावल्यासारखंच ऐकू येतं.

पोराबरोबर बसून सफरचंद सोडून बाकीची वाक्यं नव्याने लिहिली. भावाने मारलं. टीमने तीन गोल कन्सीड केले. काकाला दंड झाला. त्याने लाच घेतली. एक तास लागला, मला आता ईटचा वीट आला होता. पोरगं वाचून बघत म्हणालं, "अबी, यात चवच नाही." मी म्हटलं १० मार्कांचा प्रश्न आहे, चव नंतर बघू. पार्कातली हवा त्याने स्वतःच खोडली, माझ्याकडे न बघता.

तोवर तेय्झेंनी डोल्मा, म्हणजे भरलेल्या भाज्या, आणून ठेवलेले. 'तोकुम' म्हटलं, पोट भरलंय. हा 'तोक' फार जुना शब्द, मंगोलियात ओर्खोनच्या खोऱ्यात इ.स. ७३२ च्या शिलालेखात आहे, तिथे राजा आपल्याच लोकांना झापतोय की एकदा पोट भरलं की तुम्हाला भुकेची आठवण राहत नाही. तेराशे वर्षं झाली, पण तेय्झेंनी तो शिलालेख वाचलेला नाही. त्यांच्याकडे 'तोकुम' म्हणजे अजून चार वाढा. चार खाल्ले. मग अजून दोन.

वर आलो तर आईचा फोन. सांगलीला रात्रीचे अकरा वाजून गेलेले, पण माझा फोन झाल्याशिवाय ती झोपत नाही, आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"काय खाल्लंस आज?"

"शेण," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, वही, लाल शाई, पुदिना, हवा, ब्लेझर, डोल्मा.

तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते असू दे रे," ती म्हणाली, "पण जेवलास का?"