पहाटे ५.१०च्या नोंदी (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या संगणकीय केसपेपरवर सिस्टर खूश आहेत का, हे विचारत बसण्यात अर्थ नाही. कुरकुर होणारच, तीन महिन्यांत सवय होते. मोजायच्या तर चुका मोजा. शिवाय मागच्या लेखात मी सिस्टरांनी या सिस्टिमला दिलेल्या गुणांची सरासरी ६८ लिहिली, त्यावर तुम्ही म्हणता, ‘शंभरात ६८ म्हणजे फर्स्ट क्लास, मग रडता कशाला?’

आधी आकड्याचं. ती टक्केवारी नव्हे. जॉन ब्रुक यांनी १९८६ साली तयार केलेल्या सिस्टिम युजेबिलिटी स्केलमध्ये, म्हणजे सिस्टिम वापरायला किती सोयीची हे मोजणाऱ्या आमच्या फॉर्ममध्ये, १० विधानं असतात, एक कौतुकाचं, एक तक्रारीचं, अशी आळीपाळीने. १ ते ५ मधल्या उत्तरांचा हिशेब करून ० ते १०० गुण निघतात. निरनिराळ्या सिस्टिमची मिळून सरासरी ६८च्या आसपास येते, म्हणजे ६८ गुणांची सिस्टिम चारचौघींसारखी, एवढंच. यातली गंमत बघा. घाईत कुणी वरपासून खालपर्यंत सगळीकडे ५ वर खूण केली तरी गुण ५०, आणि सगळीकडे १ वर केली तरी ५०च! आमच्याकडे असे सरळ रेघेतले फॉर्म निघाले. ड्यूटी संपताना, मेट्रन समोर उभ्या असताना, वर नाव घालून भरलेले. ते मी बाजूला काढले, पण तसं लेखात लिहिलं नाही. ती चूक माझी. मूठभर सिस्टरांवरून जिल्ह्याचं अनुमान काढता येत नाही, हेही कबूल.

पण ‘चुका मोजा’ म्हणता, त्या कशावरून मोजणार? त्याच नोंदींवरून ना?

आमच्याकडची आषाढातली नाइट घ्या. लाइट गेलेली, जनरेटर लागला तरी नेट यायचं नाव नाही. वॉर्डात कॉम्प्युटर एकच, तोही नर्सिंग स्टेशनवर. सिस्टर बीपी घेत खाटेखाटेने फिरतेय. हातावर लिहावं तर सॅनिटायझरने पुसतं. मग ती मायक्रोपोरची (ड्रेसिंगच्या कागदी चिकटपट्टीची) पट्टी फाडते, अ‍ॅप्रनला चिकटवते आणि त्यावर लिहिते: ‘७ – १५०/९०, ९ – ताप १०१’. नेट आलं की पहाटे पाचला बसून सगळं एकदम भरते. सिस्टिम वेळ टाकते ती एन्ट्रीची. म्हणजे दोन वाजता घेतलेलं बीपी ५.१०चं होतं, आणि राउंडला आलेले डॉक्टर तेच ५.१०चं समजून औषध ठरवतात. अहवालात मात्र नोंदी पूर्ण, चूक शून्य. पट्टी सकाळी कचऱ्यात.

ही पट्टी मला कुठल्या अहवालात सापडली नाही. ‘समाधानी आहात का?’ एवढंच विचारलं होतं. कुडाळकडची एक सिस्टर म्हणाली, “पेशंटाक बघू काय स्क्रीनाक?” आणि तिने बाही पुढे केली. तीन महिन्यांत सवय होते म्हणता ना? झाली की. पट्टीची.

ओपीडीची कथा निराळी. आजीचं आभा कार्ड, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, काढायचं, १४ आकडी नंबर. आधारला मोबाइल जोडलेला मुलाचा, मुलगा चाकरमानी, म्हणजे ओटीपी जातो मुंबईला! सिस्टर त्याला फोन लावते, तो लोकलमध्ये असतो, रांग दारापर्यंत जाते. ‘एका नोंदणीला किती मिनिटं’ या तुमच्या रकान्यात ते फोन मोजता का?

मी कागदाची भक्त नाही. जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कागदाचं काय होतं ते चिपळूणकरांना सांगायला नको. डॉक्टरांचं अक्षर लावत बसावं लागत नाही, लॅबचा रिपोर्ट आणायला मावशींना पळवावं लागत नाही, यावर सिस्टर मनापासून खूश आहेत, आणि तेही लेखात होतं. तुम्ही बहुधा तिथवर पोचला नाहीत.

पुढचा फॉर्म बिननावाचा असेल, मेट्रनच्या खोलीबाहेर भरायचा, आणि नाइट उतरल्यावर नव्हे तर झोप झाल्यावर. पहिला प्रश्न: काल रात्री आधी कशावर लिहिलंत?

तुम्ही मुंबईत वीस वर्षं हॉस्पिटलचं प्रशासन बघितलंत, तर एवढं सांगा. तुमच्या सिस्टिममध्ये बीपी घेतल्याची वेळ एन्ट्रीच्या वेळेपेक्षा वेगळी भरता यायची का? येत असेल तर तो रकाना कुठे होता आणि सिस्टर तो खरंच भरायच्या का, ते कळवा. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याला दाखवायचं आहे.