‘चारशे अठ्ठ्याण्णव लागलं की घर आत’: फॉरवर्ड वाचून पळू नका

भावकीच्या, सोसायटीच्या, वधूवर मेळाव्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: सुनेने चारशे अठ्ठ्याण्णवची (भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाची) फिर्याद दिली की पोलीस त्याच रात्री नवरा, सासू-सासरे, नणंद सगळ्यांना उचलतात, जामीन होत नाही, घटस्फोटात तिला निम्मी प्रॉपर्टी आणि पगाराचे २५ टक्के, ती नोकरी करत असेल तर मात्र पोटगी शून्य, मुलं आईकडेच, आणि तडजोड झाली की स्टँपवर सह्या करून केस मिटते.

हा मेसेज दाखवत वकिलाकडे दोन्ही बाजूंचे लोक येतात. एक बाजू घाबरलेली असते, दुसरी निम्म्या फ्लॅटचा हिशेब मांडून बसलेली. फीचं बोलणं राहतं बाजूला, आधी हा मेसेज डोक्यातून काढावा लागतो.

अटकेपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त वाटोळं त्याच वाक्याने होतं. ४९८अ हे कलम १९८३ साली आलं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात; अजामीनपात्रही आहे. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच. २ जुलै २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात पोलिसांना बजावलं की ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही. अटक का हवी याची कारणं लिहून द्यायची, नसतील तर आरोपीला हजर राहण्याची नोटीस द्यायची. ते प्रकरण याच कलमाचं होतं. आता ही नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास, अटक, जामिनाची पद्धत सांगणारा कायदा) कलम ३५(३) खाली निघते.

दिसायला तो साधा कागद असतो. पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, तपासी अंमलदाराचं नाव, हजर राहायची तारीख आणि वेळ, खाली पुराव्याशी छेडछाड करू नका वगैरे अटी. हा कागद हातात पडला की लोक हादरतात. खरं तर तो तुमच्या सोयीचा आहे. ठरल्या वेळी जात राहिलात, तर वेगळी कारणं लेखी नोंदवल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. पण मेसेज वाचून मंडळी घराला कुलूप लावून मावशीच्या गावी गेली, फोन बंद केले, की ‘आरोपी मिळून येत नाहीत, तपासात सहकार्य करत नाहीत’ अशी नोंद होते. म्हणजे अटकेचं कारण पोलिसांना आपणच दिलं. तेव्हा जा, जे कागद द्याल त्यांची पोच घ्या, आणि न वाचता कशावरही सही करू नका.

जामिनाचं म्हणाल तर अशा गुन्ह्यात तो हक्क म्हणून मागता येत नाही, द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. इतकंच. अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात जाता येतं आणि तो मिळतोही. तिथे बहुतेक वेळा गाडी दागिन्यांवर अडते. स्त्रीधन, म्हणजे लग्नात तिला मिळालेले दागिने वगैरे, अजून जप्त व्हायचंय, हा सरकार पक्षाचा हमखास युक्तिवाद. स्त्रीधन तिचंच आहे, सासूच्या लॉकरमध्ये असलं तरी. ते यादी करून, पंचांसमोर परत केलेलं असेल तर तो मुद्दाच उरत नाही.

हुंडाबळीचा गुन्हा मात्र वेगळा. तिथे किमान शिक्षाच ७ वर्षांची आहे; अर्नेश कुमार निकालाची ढाल तिथे चालत नाही. ‘साठीच्या वरच्यांना अटकच होत नाही’ असा एक उपमेसेजही आहे. साठीच्या वरच्यांच्या अटकेला पोलीस उपअधीक्षकांची परवानगी लागते खरी, पण ती अट ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. कलम ८५ ची शिक्षा ३ वर्षांपर्यंत जाते, त्यामुळे आजोबांनी त्या भरवशावर राहू नये.

नणंदेबद्दल मुलीकडच्यांनाही सांगायला हवं. फिर्यादीत अख्खी वंशावळ घातल्याने केस मजबूत होत नाही. कहकशाँ कौसर (२०२२) आणि दारा लक्ष्मी नारायण (डिसेंबर २०२४) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकांवरचे मोघम आरोप रद्द केले. कोणी, कधी, काय केलं, हे लिहा. ‘सर्वांनी मिळून छळ केला’ या वाक्याने खऱ्या छळाची फिर्यादही पातळ होते.

निम्मी प्रॉपर्टी? हिंदू विवाह कायद्यात असं काही नाही. तिला पोटगी मागता येते, एकरकमी रक्कम मागता येते, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालानंतर ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरीही. पण राहण्याचा हक्क म्हणजे सातबाऱ्यावर नाव नव्हे. गंमत अशी, की बांद्याच्या पुढे गोव्यात गेलात तर मेसेज बराचसा खरा ठरतो. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, गोमंतकीय नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात आणि निम्मा वाटा मिळतो. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तिथलंच ऐकून सगळ्या महाराष्ट्राला लावलं.

२५ टक्क्यांचा आकडा २०१७ च्या एका निकालातून उचललाय. त्या प्रकरणाच्या परिस्थितीत तो योग्य वाटला होता, सगळ्यांना लागू असं कोष्टक नाही. सध्या चालतो तो रजनेश विरुद्ध नेहा हा २०२० चा निकाल, जो आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातूनच वर गेला होता. दोघांनीही मिळकत आणि देणी शपथपत्रावर सांगायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे तारखा वाढवून थकबाकीच वाढते. नोकरी करणाऱ्या बाईची पोटगी आपोआप शून्य होत नाही. तिचं उत्पन्न किती आणि त्या घरातल्या राहणीमानाला पुरतं का, हे पाहतात. हिंदू विवाह कायद्यात नवऱ्यालाही पोटगी मागता येते, हे मेसेजवाले कधी सांगत नाहीत.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. त्यापुढे मुलाचं हित.

राहिला स्टँप. पाचशेच्या स्टँपवर नोटरीसमोर ‘फारकत’ लिहून दोघं दुसरी लग्नं करतात. आपल्या जातीत अशा सोडचिठ्ठीची रूढी आहे, हे कोर्टात सिद्ध करता आलं नाही तर पहिलं लग्न कायम राहतं आणि दुसऱ्याबद्दल ७ वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. चारशे अठ्ठ्याण्णवची फिर्यादही सही करून ‘मागे घेता’ येत नाही. संमतीच्या घटस्फोटाच्या अटींत तसं लिहून, फिर्यादीचं संमतीचं शपथपत्र जोडून, गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. तिथे हुकूम होईपर्यंत खालच्या कोर्टातल्या तारखा चालू राहतात. ‘आमचं मिटलंय’ म्हणून गैरहजर राहिलात, तर वॉरंट निघतं.