'पोरांना दमवतच नाहीत' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू पूर्ण वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की ज्युदोच्या बॅचला पोरं दमतच नाहीत, अर्धा मिनिट झालं की सर थांबवतात, दुसरीकडे तासभर पळवतात, आणि जिल्हा स्पर्धेच्या आधी मुलाला सॉना सूट (घाम काढून वजन उतरवायचा रबरी सूट) काढायला लावला म्हणून तो वजनात बसला नाही.

थांबवतो ते मुद्दाम थांबवतो. ज्युदोची मॅच 4 मिनिटांची, बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे पहिला गुण मिळेपर्यंतचा जादा वेळ, त्याला तर वेळेची मर्यादाच नाही. पण त्यात कुणी सलग झुंजत नसतं, वीस-तीस सेकंद ग्रिपसाठी झटापट, एखादा थ्रो, मग रेफ्री 'माते' म्हणजे 'थांबा' म्हणतो, दहाएक सेकंदात परत चालू. म्हणून आम्ही जोडीदारासोबत तीस सेकंद फुल स्पीडने उचिकोमी (समोरच्याला न पाडता थ्रोची सुरुवात परत परत करणं), दहा सेकंद श्वास, परत तीस, असं 4 मिनिटं करून घेतो आणि मग नीट विश्रांती देतो, कारण पाय जड झाल्यावर मारलेला थ्रो हळू आणि वाकडाच पडतो आणि अंगाला तीच सवय लागते. पळण्याला माझा विरोध नाही हो, दोन मॅचच्या मधे दम परत यायला ते लागतंच, म्हणून तर रविवारी सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर नेतो, फक्त गप्पा मारता येतील इतक्या स्पीडने.

आणि ग्रिप. बारवर जुना ज्युदोगी (ज्युदोचा जाड कोट) टाकून त्याची कॉलर धरून लटकायचं, हे तुम्ही बघितलं असेल. तुमचा मुलगा आधी लगेच सुटायचा, आता बोटांच्या पेरांना टेप गुंडाळून आपणहून बारकडे जातो आणि समोरच्याला त्याच्या हातातून कॉलर सोडवता येत नाही. घामाने टीशर्ट भिजला की नाही यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

पार्किंगचं खरंय, संध्याकाळी त्या गल्लीत फार गर्दी होते, गाडी मागच्या बाजूला लावत जा.

आता सूटचं. तो घालून पळवलं की जातं ते पाणी, चरबी नाही. घाम सुकायला जागाच नसते म्हणून अंग आतून तापत जातं, पाणी कमी झाल्याने हृदयावर ताण येतो, आणि वर तशाच दमलेल्या पोराला मॅटवर उतरवायचं. 1997 मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान काही आठवड्यांच्या आत असंच वजन उतरवताना गेले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबर सूट आणि सॉना दोन्ही बंद केले. ती तर मोठी पोरं होती, तुमचा पंधराचा आहे, वाढीचं वय आहे, वजन वाढणारच! माझ्या हॉलमध्ये हे कधीच होणार नाही, त्यासाठी अजून दहा जणांनी एक स्टार दिला तरी चालेल.

पुढच्या स्पर्धेला त्याला वरच्या गटात उतरवू, ताकद आहे त्याच्यात. शनिवारच्या बॅचला या, जेवणाचं आणि वजनाचं समोर बसून ठरवू. तोवर तो सूट घरी पण घालू देऊ नका, ही मनापासून विनंती.